उणे अठराची पेटी

जानेवारीत मटार स्वस्त झाला की आमच्या दिवाणखान्याचा कारखाना होतो. खाली जुनी चादर, मधोमध शेंगांचा ढीग, भोवती सासूबाई, नवरा आणि मी. दहा किलो शेंगा सोलल्या तरी दाणे पाच किलोही भरत नाहीत. बोटांची टोकं मात्र दोन दिवस हिरवी राहतात. मग ते दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, तिथून थेट गार पाण्यात, पंचावर पसरून कोरडे आणि पिशव्या भरून फ्रीझरमध्ये. जूनमध्ये त्यातले मूठभर काढून स्टीलच्या वाटीत टाकले की खडे पडल्यासारखा टणटण आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत त्याच खड्यांचे पुन्हा वाटाणे होतात, आणि पोह्यांत पडले की कोणी विचारतही नाही की हे कोणत्या महिन्यातले.

यंदा मात्र फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मटार, खोवलेलं खोबरं आणि देवगडच्या मावशीनं पाठवलेला आमरस एवढं काही मावेना. बर्फाचा ट्रे तर कधीच हद्दपार झाला होता. वेगळा फ्रीझर घ्यायचं ठरलं. दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न आला, "किती लिटरचा दाखवू?" घरच्या माणसांनीही तोच विचारला होता. मी त्याच प्रश्नापासून सुरुवात केली आणि पुढचे आठ दिवस वाचत, आकडेमोड करत गेले तेव्हा कळलं, की लिटर सगळ्यात शेवटी विचारायचे. पेटीसारखा आडवा फ्रीझर घ्यायचा की कपाटासारखा उभा, आपोआप बर्फ वितळवणारा की हातानं साफ करायचा, हे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: पाणी. एक वाटाण्याच्या आतलं आणि दुसरं आपल्या घरातल्या हवेतलं.

आधी आतलं पाणी घेऊ. एक लिटर पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला त्यातून ३० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. शून्यावर आलेल्या त्याच पाण्याचा शून्यावरचाच बर्फ करायला? ८०. आणि त्या बर्फाला पुढे उणे १८ पर्यंत न्यायला जेमतेम ९. म्हणजे मशीन सर्वांत जास्त राबतं ते थर्मामीटरचा काटा मुळीच हलत नसतो तेव्हा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं काहीच चाललेलं नाही, आणि आत पाण्याचा एकेक रेणू रांगेत उभा केला जात असतो. यालाच सुप्त उष्मा म्हणतात, हे आपण सगळे नववी-दहावीत शिकलो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो.

वाटाण्याचं पुढचं भवितव्य याच टप्प्यात ठरतं. गोठणं रेंगाळलं, तर पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं, आतलं पाणी ओढून घेतं आणि बर्फाचे स्फटिक मोठे होत जातात. त्यांच्या दाबानं पेशींच्या भिंती चिरडतात. काढल्यावर दाणा लिबलिबीत, आणि ताटलीत पाणीच पाणी. गोठणं भराभर झालं तर असंख्य बारीक स्फटिक होतात, पेशी बऱ्यापैकी शाबूत राहतात. मासळीचंही हेच. आणि बोंबील तर जवळजवळ पाण्याचाच केलेला. तो घरच्या फ्रीझरमध्ये सावकाश गोठवून पुन्हा तळायला घेणाऱ्याला हा धडा एकदाच पुरतो. कोकणानं त्याला वाळवून घेतलं, ते उगाच नाही.

हे गुपित व्यापारात आणणारा माणूस अमेरिकन होता, पण त्याला ते शिकवलं लॅब्राडोरच्या इन्युइट लोकांनी. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आजच्या कॅनडाच्या त्या गोठलेल्या किनाऱ्यावर राहत होता. उणे ४० च्या आसपासच्या थंडीत आणि वाऱ्यात बर्फाला भोक पाडून काढलेला मासा वर येता येताच कडक व्हायचा, आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्यानं पुढे यंत्र बनवलं ते असं: अन्नाची चपटी पाकिटं दोन अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून धरायची. १९३० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत ही पाकिटं विकायला आली आणि गोठवलेल्या अन्नाचा आजचा धंदा तिथून सुरू झाला.

त्या दोन पत्र्यांतली युक्ती आपल्या स्वयंपाकघरात फुकट मिळते. पाकिटाची जाडी दुप्पट केली की त्याच्या पोटापर्यंत थंडी पोचायला लागणारा वेळ दुपटीवर थांबत नाही, चौपटीकडे सरकतो. म्हणून दोन किलो मटाराचा फुटबॉल करून ठेवायचा नाही. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या पुरणपोळीच्या पुरणासारख्या थापून, चपट्या करून ठेवायच्या. आमरस तर मी आता वहीच्या जाडीचा गोठवते, मग पुस्तकांसारखा उभा रचते. शिवाय हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो, अख्खा गोळा वितळवावा लागत नाही.

आता यंत्राकडे वळू. गोठवणं आणि गोठलेलं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाजारातून गोठलेलंच आणून ठेवणाऱ्याला साधा फ्रीझर पुरतो. पाच किलो मटार एका संध्याकाळी ढकलणाऱ्यानं माहितीपत्रकावर एक आकडा शोधावा: चोवीस तासांत किती किलो अन्न हा फ्रीझर गोठवू शकतो. त्याहून जास्त माल एकदम घातला, तर नवा माल रेंगाळत गोठतो आणि जुना शेजारी बसून अर्धवट मऊ पडतो.

इथे ताऱ्यांचा घोळ सांगायलाच हवा. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे तारे विजेच्या बचतीचे असतात, हे आपल्याला पाठ आहे. पण बर्फाच्या कप्प्यावर कधीकधी आणखी तारे कोरलेले असतात, त्यांचा विजेशी संबंध नाही. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा, वेगळा काढलेला तारा असला तर तो कप्पा उणे १८ वर ठेवतोच, शिवाय ताजं अन्न गोठवूही शकतो. पाच ताऱ्यांचा फ्रीज घेतला आणि त्याच्या बर्फाच्या कप्प्याला मात्र एकच तारा, असं अगदी शक्य आहे. दुकानदारही हे तारे सरसकट एकाच माळेत ओवतो.

आणि हे उणे १८ कुठून आलं? मला वाटायचं, कुण्या शास्त्रज्ञानं प्रयोग करून काढलेला हा काटेकोर आकडा असेल. तो आहे शून्य फॅरनहाइट! अमेरिकेतल्या मोजपट्टीवरचा गोल आकडा सेल्सियसमध्ये आणला की उणे १७.८ येतो. त्या शून्याचा जन्मही बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणातला, आपल्या कुल्फीवाल्याच्या बर्फ-मिठाच्या मडक्याचा चुलतभाऊच. उणे १७ ला काही आभाळ कोसळत नाही. जंतूंची वाढ त्याच्या बरीच आधी थांबलेली असते. थांबलेली, संपलेली नव्हे. बाहेर काढलं की ते जागे होतात. वाटाण्यातली एन्झाइमं तर उणे १८ लाही पुरती झोपत नाहीत, म्हणून ती दोन मिनिटांची उकळी. ती आळसानं चुकवली तर चार महिन्यांनी मटाराला गवतासारखा वास येतो. मेद असलेल्या बांगड्याचा तेलकट भाग फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होत राहतो, त्याला दोन-तीन महिन्यांच्या आत संपवलेलं बरं.

आता हवेतलं पाणी. आडव्या पेटीच्या बाजूनं सगळे एकच युक्तिवाद देतात: थंड हवा जड, ती तळाशी बसून राहते, उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायांवर सांडते आणि वीज वाया जाते. थंड हवा जड असते हे खरंच. उणे १८ ची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १९ टक्के जड. पेटी म्हणजे उभी बादली, उभा फ्रीझर म्हणजे आडवी केलेली बादली. पण सांडलेल्या हवेची किंमत किती, हे मी एकदा कागदावर मांडलं आणि चकित झाले. समजा, फ्रीझरमधली २०० लिटर हवा सगळीच्या सगळी बाहेर पडली आणि ऑगस्टमधली दमट हवा आत शिरली. ती पुन्हा गार करायला लागतात साधारण ६ किलोकॅलरी. म्हणजे नळाच्या पाण्यापासून बर्फाचे दोन खडे करण्याचा खर्च! हवा इतकी हलकी, की तिच्यात थंडी साठतच नाही म्हटलं तरी चालेल. थंडी साठते ती अन्नात.

त्याहून गंमत पुढे आहे. त्या सहातल्या निम्म्याहून जास्त किलोकॅलरी हवेच्या नाहीतच, तिच्यातल्या बाष्पाच्या आहेत. पावसाळ्यातल्या एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमपर्यंत पाणी असतं. उणे १८ च्या हवेला एका घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम पेलतं. उरलेलं जाणार कुठे? भिंतीवर. २०० लिटरच्या हिशेबात प्रत्येक वेळी दार उघडताना आपण एक चहाचा चमचा पाणी आत ओतत असतो. दिवसातून वीस वेळा उघडलं की अर्धा कप. आठवड्याला साडेतीन कप, कोणी न ओतता. तेच पुढे पांढऱ्या, भुसभुशीत हिमाचा थर होऊन बसतं, आणि हिमात हवा अडकलेली असल्यामुळे ते चक्क गोधडीचं काम करतं. थंड भिंत आणि अन्न यांच्यामध्ये गोधडी. मशीन धापा टाकतं, अन्न गरम होतं. म्हणजे आडवी पेटी चांगली ती मुख्यतः तिच्यात हिम कमी धरतं म्हणून, सांडणाऱ्या थंडीमुळे म्हणाल तर थोडीच. पुण्यात हा फरक चार महिने जाणवतो, देवगडात जवळजवळ वर्षभर.

या हिमाशी लढायचे दोन मार्ग. एक फ्रॉस्ट-फ्री. यात थंड करणारी नळी मागच्या पडद्याआड असते, पंखा तिच्यावरची थंड कोरडी हवा अन्नावर फिरवतो, आणि ठरावीक तासांनी नळीजवळचा हीटर चालू होऊन साचलेलं हिम वितळवतो. होय, फ्रीझरच्या आत शेगडी. वितळलेलं पाणी बारीक नळीतून मागे काँप्रेसरवरच्या ताटलीत पडतं आणि त्याच्या उबेनं उडून स्वयंपाकघरात परत येतं. इतकी सुरेख सोय, की आपल्याला वर्षानुवर्षं त्या ताटलीचा पत्ताही नसतो.

पण ती फिरती कोरडी हवा तहानलेली असते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे दोन महिने विसरून बघा: खडे लहान झालेले, कडा गोल. बर्फ वितळला नाही, ओला झाला नाही, तसाच उडून गेला. देव्हाऱ्यातल्या डबीतला कापूर जातो ना, तसा. हेच उघड्या अन्नाचं होतं. चिकनच्या कडेला राखाडी, कोरडे, चिवट डाग पडतात, त्याला फ्रीझर बर्न म्हणतात, थंडीनं भाजणं. खाल्लं तर अपाय नाही, चव मात्र पुठ्ठ्याची. म्हणून फ्रॉस्ट-फ्री घेणाऱ्यानं पिशवीतली हवा दाबून काढायचा कंटाळा करू नये. वर्षभर मासळी साठवणाऱ्यानं तर पंखा नसलेला फ्रीझरच घ्यावा, असं माझं मत.

दुसरा मार्ग हातानं साफ करण्याचा. बहुतेक आडव्या पेट्या अशाच असतात: नळी भिंतीतच लपेटलेली, पंखा नाही, आत शांतता. हिमाचा थर बोटाच्या पेराएवढा झाला की सामान काढा, बंद करा, झाकण उघडं टाका. इथे माझी एक जुनी कबुली. आधीच्या एकदारी फ्रीजमध्ये हिमात रुतलेला खोबऱ्याचा डबा मी सुरीच्या टोकानं सोडवायला गेले. डबा सुटला. त्याच्यामागोमाग 'सुस्स' असा आवाज आला, अगदी सायकलच्या ट्यूबसारखा, आणि अर्ध्या मिनिटात थांबला. ॲल्युमिनियमची कागदासारखी पातळ भिंत आणि तिच्यातून फिरणारा गॅस, दोन्ही मी एका फटक्यात संपवले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खोबरं तरी नीट आहे का बघ." आजच्या घरगुती फ्रीझरमध्ये बहुतेक वेळा आयसोब्यूटेन असतो, आपल्या सिलिंडरातल्या ब्यूटेनचा सख्खा भाऊ. असतो थोडकाच, पण पेटणारा. हिम काढायला गरम पाण्याचं पातेलं ठेवावं, सुरी ओट्यावरच बरी.

उभ्या फ्रीझरची बाजू मी इतका वेळ मांडलीच नाही, आणि मुंबईच्या वन बीएचकेमध्ये तीच जिंकते. जागा कमी अडते, सगळं दिसतं, वाकावं लागत नाही. खणांचा उभा फ्रीझर असेल तर हवा सांडण्याची तक्रारही उरत नाही, कारण प्रत्येक खण स्वतःच एक लहान पेटी. काहींत तर कप्प्यांच्या जाळ्याच थंड नळ्यांच्या असतात. चपटी पिशवी वर ठेवली की बर्ड्‌सआयचा निम्मा पत्रा तयार. आडव्या पेटीत मात्र तळाची वस्तू काढायला कंबरेपर्यंत आत ओणवं व्हावं लागतं. उंची कमी आणि गुडघे दुखरे असतील तर विजेचं बिल विसरून उभा घ्यावा.

काचेच्या झाकणाची पेटी मात्र घरात आणू नये. ती आइस्क्रीमच्या दुकानासाठी, गिऱ्हाइकानं बघावं म्हणून. काच गोधडीचं काम करत नाही. घरी कोणाला काय दाखवायचंय?

मावशीचा प्रश्न याहून वेगळा. देवगडला पावसात वीज गेली की कधी येईल, सांगता येत नाही. मी फोनवर म्हटलं, "मावशी, तू आडवीच घे, आणि ती भरलेली ठेव." भरलेला फ्रीझर, दार न उघडता, सुमारे ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा रिकामा साधारण २४. "एवढं सामान कुठलं आणू मी?" पाण्याच्या बाटल्या भर म्हटलं, पाऊण पाऊण. पुन्हा तेच ८० किलोकॅलरीचं गणित, पण उलटं: प्रत्येक लिटर बर्फ वितळताना तेवढी उष्णता गिळतो आणि तोपर्यंत आमरसाला हात लागू देत नाही.

मोठा ढीग स्वतःला कसा सांभाळतो, याचं नवल मला एका जुन्या जहाजाच्या गोष्टीनं दाखवलं. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं, दोनदा विषुववृत्त ओलांडलं, आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. चार महिने, मशीन नाही, वीज नाही. फक्त लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेले ठोकळे. पुढे हा बर्फ मुंबईतही उतरू लागला. आपल्या पेटीच्या भिंतीतला पॉलियुरेथेनचा फेस म्हणजे तोच भुसा, सुधारलेला.

मावशीला एक नाणंही सांगितलं. वाटीत पाणी गोठवायचं, त्यावर रुपया ठेवायचा, वाटी परत फ्रीझरमध्ये. गावाला जाऊन आल्यावर रुपया वरच असेल तर सगळं ठीक. मध्ये कुठे लटकला असेल तर काही काळ वितळलं होतं. तळाशी असेल तर मासळी टाकून द्यायची, कितीही कडक दिसो. तिला ही युक्ती फ्रीझरपेक्षा जास्त आवडली.

चंद्रपूरच्या नणंदेनं विचारलं तेव्हा आणखी एक बारीक अक्षर सापडलं. फ्रीझरच्या मागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो: 'एन' ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. तिच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा तिनं 'टी' घ्यायचा, तोही पश्चिमेच्या भिंतीला किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवायचा नाही, आणि चारी बाजूंनी वीतभर जागा सोडायची. आडव्या पेटीच्या कडा हाताला गरम लागतात त्या बिघाडानं नव्हे. वाटाण्यातून उपसलेली उष्णता तिथूनच बाहेर टाकली जाते. भिंतीला चिकटवली तर तीच उष्णता परत आत.

आम्ही शेवटी १०० लिटरची आडवी पेटी घेतली, पत्र्याच्या झाकणाची, हातानं साफ करायची. ड्राय बाल्कनीत बसली. ऑगस्टमध्ये झाकण उघडलं की काठावरून पांढरं धुकं खाली घरंगळतं आणि पावलांशी विरून जातं. तो चमचाभर पाऊस, डोळ्यांदेखत पकडलेला. नवऱ्यानं झाकणावर यादी चिकटवली आहे, काय कुठल्या थरात ते. यादी पहिले तीन आठवडे पाळली गेली. काल गौरीच्या भाजीसाठी मी तळाशी ओणवी झाले आणि एक चपटी पिशवी हाती लागली, मार्करची अक्षरं ओल्या बोटांनी पुसलेली. हिरवं काहीतरी आहे. सासूबाईंच्या मते पावटे, माझ्या मते मटार. वाटीत टाकून बघितले. टणटण दोघांचाही सारखाच.